पीसीएमवाल्यांनी नीट द्यायची असेल तर

बारावीला मॅथ्स ग्रुप (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, म्हणजे पीसीएम) होता, बायोचं पुस्तक कधी उघडलं नाही आणि आता इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला असताना एमबीबीएस करावंसं वाटतंय, जमेल का, असं विचारलंयस. जमतं. मी मेकॅनिकल सोडून हेच केलं, 2025 ची नीट, म्हणजे एमबीबीएसची प्रवेश परीक्षा दिली, आता बॅचमधली पोरं मला ताई म्हणतात.

पण आधी कागदाचं बघ, पुस्तकं नंतर. पूर्वी अकरावी-बारावीत बायो नसेल तर विषय संपला. नोव्हेंबर 2023 मध्ये एनएमसीने (मेडिकल शिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्रीय संस्था) नोटीस काढली की बारावी झाल्यावर मान्यताप्राप्त बोर्डातून बायो अ‍ॅडिशनल विषय म्हणून पास केलं तरी चालेल. म्हणजे बायोची परीक्षा द्यावीच लागते, प्रॅक्टिकलसकट. मला एका क्लासवाल्यांनी "काही गरज नाही, नुसता फॉर्म भरा" असं बिनधास्त सांगितलं होतं, ऐकलं असतं तर काउन्सेलिंगला, म्हणजे सीट वाटतात तिथे, बोंब झाली असती. आपल्या बोर्डात तुरळक विषयाचा (फक्त तेवढाच विषय देण्याचा) फॉर्म असतो, नाहीतर एनआयओएस हे राष्ट्रीय मुक्त शाळेचं बोर्ड, मी एनआयओएसला ऑक्टोबरची परीक्षा दिली म्हणजे मे मधल्या नीटच्या आधी मार्कशीट हातात. फिजिक्स-केमिस्ट्री-बायो मिळून ओपनला 50 टक्के, रिझर्व्हेशनला 40, तेही चेक कर. वयाचं टेन्शन घेऊ नकोस, वरची मर्यादा नाहीये.

आता अभ्यास. 720 पैकी 360 मार्क एकट्या बायोचे, 180 प्रश्नांतले 90. आपण मॅथ्सवाले काय करतो, एकदा वाचलं, समजलं, पुढे चला. बायोत तिथेच मार खातो. मी पहिल्या महिन्यात एनसीईआरटीच्या (केंद्राच्या अभ्यासक्रमाच्या) पुस्तकांचे बारा चॅप्टर कादंबरीसारखे उडवले आणि टेस्टला 360 पैकी 118 आले, रडले अक्षरशः. एक उदाहरण देते. अ‍ॅनिमल किंगडमच्या चॅप्टरमध्ये जेलीफिश, कटलफिश, स्टारफिश यातला एकही मासा नाही, ऑक्टोपसला डेव्हिल फिश म्हटलंय तोही मासा नाही, डॉगफिश मात्र खरा मासा, आणि फ्लाइंग फॉक्स म्हणजे वटवाघूळ. यात समजण्यासारखं काय आहे? पाठच करायचं. मी वहीत उजवं पान झाकून सायंटिफिक नावं लिहायचे, चुकलेली दुसऱ्या दिवशी परत, भाजीवाल्याकडे रांगेत उभी असताना पण पुटपुटायचे. अकरावीचे 19 आणि बारावीचे 13 असे 32 चॅप्टर, आकृतीखालच्या ओळींसकट किमान पाच वेळा. जाड गाईड घेऊ नकोस, माझं अजून कोरं पडलंय.

जेनेटिक्स मात्र आपलं घर आहे. संततीचं 9:3:3:1 प्रमाण, हार्डी-वाइनबर्गचा नियम, हे बायोवाल्यांना जड जातं आणि आपल्याला प्रोबॅबिलिटी म्हणून आपोआप येतं. हृदयाचं पण तसंच, एका ठोक्याला 70 मिली रक्त आणि मिनिटाला 72 ठोके, गुणाकार केला की पाच लिटर, झालं लक्षात. सुरुवात इथून कर, धीर येतो.

फिजिक्स सोडू नकोस एवढंच सांगते. 2025 च्या फिजिक्सने भल्याभल्यांना घाम फोडला आणि माझी सीट तिथेच निघाली, कारण बायोत मी मुरलेल्या पोरांच्या मागेच होते. केमिस्ट्रीत इनऑरगॅनिक परत वाच, बाकी तुला येतंच असेल.

180 मिनिटांत 180 प्रश्न असतात, त्यामुळे बायो पन्नास मिनिटांत उरकायची सवय आत्तापासून लाव. चुकलं की एक मार्क जातो, म्हणून सायंटिफिक नावांवर तुक्के नको.

आणि इंजिनीअरिंगचं अ‍ॅडमिशन बायोचा रिझल्ट लागेपर्यंत कॅन्सल करू नकोस. सोडशील तेव्हा एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) आणि ओरिजिनल मार्कशीट लगेच मागून घे, माझ्या कॉलेजने त्या सोडायला तीन आठवडे लावले आणि इकडे काउन्सेलिंगची तारीख डोक्यावर आलेली.