उसाच्या चिपाडानं प्लेटिंगच्या पाण्यातलं निकेल-क्रोमियम निघतं का?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या छोट्या प्लेटिंग (धातूचा मुलामा देणाऱ्या) युनिटचं धुण्याचं पाणी चिपाडातून सोडलं तर साफ होईल का, असं तुम्ही विचारलंय. होतं, पण पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा; जितका कमी तितकं आम्लधर्मी) सांभाळला तरच. पाण्यात विरघळलेला धातू चिपाडाच्या तंतूंतल्या लिग्निन-सेल्युलोजवरच्या कार्बॉक्सिल, हायड्रॉक्सिल या रासायनिक गटांना धरून बसतो. निकेलला पीएच ५ ते ६ मानवतो. पाणी त्याहून आम्लधर्मी झालं की हायड्रोजन आयनच त्या जागा बळकावतात. क्रोमियम-६ चं, म्हणजे क्रोमियमच्या जास्त विषारी रूपाचं, उलटं. ते ऋणभारित क्रोमेट असल्यानं पीएच २ च्या आसपास उत्तम धरलं जातं आणि बरंचसं तिथंच कमी विषारी क्रोमियम-३ होतं. म्हणून ही दोन पाणी वेगळ्या टाक्यांत ठेवा.

आता एक गोष्ट हात जोडून सांगतो. चांदीकामाच्या हुपरी गावातल्या कारागिरांसाठी चांदीचं प्लेटिंगही करत असाल, तर त्या पाण्यात सायनाइड असू शकतं. त्यात आम्ल पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि बंद शेडमध्ये माणूस जागेवर दगावतो. ते पाणी या दोन्हींत कधीच येऊ देऊ नका. त्यातलं सायनाइड अल्कधर्मी पाण्यातच, जाणकाराच्या देखरेखीखाली नष्ट करावं लागतं.

गुऱ्हाळावरचं चिपाड तसंच वापरू नका. उरलेली साखर नि रंग पाण्यात उतरून सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढतो. गरम पाण्यानं नितळ येईपर्यंत धुवा, वाळवा, दळा, चाळा. सायट्रिक ॲसिडमध्ये भिजवून तापवलं तर कार्बॉक्सिल गट वाढतात. निकेलसाठी ही मेहनत घ्याच.

धातूचं प्रमाण जास्त असलेलं पाणी मात्र थेट चिपाडावर घालू नका, ते लगेच भरून जातं. आधी क्रोमियम-६ चं क्रोमियम-३ करून चुन्यानं साका (धातूचा गाळ) बसवा, मग पीएच ५ ते ६ पर्यंत खाली आणून उरलंसुरलं चिपाडावर काढा. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला क्रोमियम-६ ची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, निकेलची ३. प्रयोगशाळेतून तपासून घेतल्याशिवाय थेंबही पंचगंगा नदीकडे जाऊ नये.

वापरलेलं निकेलचं चिपाड सौम्य आम्लानं धुऊन काही वेळा परत वापरता येतं. ते धुवण पुन्हा चुन्याच्या टाकीत घाला. शेवटी साका आणि चिपाड दोन्ही धोकादायक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणीच द्या. जळण म्हणून कुणी फुकट मागितलं तरी देऊ नका. चुलवाणात ते गेलं की धातू राखेत नि धुरात येणार, आणि ती राख पुढं कुणाच्या तरी शेतात पडणार.