केसपेपरवर डोळ्यांबद्दल कोण लिहिणार?

(वाचकांच्या आरोग्यविषयक प्रश्नांना वॉर्डात नोकरी करून निवृत्त झालेल्या एक सिस्टर उत्तरं देतात.)

प्रश्न : सिस्टर, माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, मॅक्युलर डिजनरेशन. तरी घरी स्वतःचं सगळं स्वतः करतात. मागे न्यूमोनियासाठी ॲडमिट केलं, तेव्हा मात्र दोन-तीन दिवसांतच विचित्र वागू लागल्या. ताट तसंच परत जायचं, गोळी हातातून पडायची, नर्सनं विचारलं तर उत्तर नाही. पडद्याजवळ मुलं उभी आहेत असंही म्हणाल्या. फाइलमध्ये 'गोंधळलेल्या, सहकार्य करत नाहीत' असं लिहिलं. घरी आल्यावर हळूहळू पूर्वीसारख्या झाल्या. आता पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी पुन्हा ॲडमिट करायचंय. तेव्हा बिघडलं होतं ते डोकं की डोळे? आणि या वेळी मी काय करू?

उत्तर : तुम्ही दोन्हींतलं एक निवडायला सांगताय, पण वॉर्डात ही दोन वेगळी राहत नाहीत. डोळ्यांपासून सुरुवात करते, कारण तिकडे कुणी पाहिलेलंच दिसत नाही.

या आजारात समोरचं नेमकं मधलं पुसलं जातं आणि कडेचं शाबूत राहतं. त्यामुळे सासूबाई पॅसेजमधून कुठेही न धडकता चालत जाणार. ते पाहून सिस्टरला वाटतं, आजींना दिसतंय की! त्याच आजींना तळहातावरची पांढरी गोळी सापडली नाही, की ती म्हणते मुद्दाम करतात. घरी निम्मी कामं त्या हाताच्या सवयीनं करतात. बटण कुठे, पायरी कुठे, पाण्याचा पेला कुठे, हे हाताला ठाऊक असतं. वॉर्डात हाताला काहीच ठाऊक नाही. चादर पांढरी, भिंत पांढरी, ताटली पांढरी. पायथ्याशी उभं राहून कुणी "घ्या हो, संपवा पटकन" म्हणालं, तर ते आपल्याला की शेजारच्या खाटेला, हे चेहरा दिसल्याशिवाय कळणार कसं? त्या गप्प राहतात. ताट परत जातं आणि चार्टवर 'भूक नाही' लिहिलं जातं. या दोन शब्दांचा मला नोकरीभर राग येत आला. भूक असते हो, ताटात काय कुठे आहे ते कुणी सांगितलेलं नसतं.

आता डोक्याचं. ताप, जंतुसंसर्ग, मोडलेली झोप, कमी पडलेलं पाणी यांनी वयस्कर माणसाला काही तासांत किंवा दिवसांत भ्रम होतो, त्याला डिलिरिअम म्हणतात. सकाळी ठीक, संध्याकाळी भलतंच, आणि बोलण्यावर लक्ष टिकत नाही, ही त्याची खूण. बहुतेक वेळा मूळ दुखणं बरं झालं की तो ओसरतो, काहींना मात्र वेळ लागतो. सासूबाई सुधारल्या, म्हणजे तो थोडाफार असणार. पण अंधुक नजर त्याला दार उघडून देते. येल विद्यापीठातल्या डॉ. शॅरन इनोये आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्मरण, झोप, हालचाल, नजर, ऐकणं आणि शरीरातलं पाणी या सहा गोष्टींकडे रोज लक्ष दिलं, तर भ्रम होणाऱ्यांचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. नजरेसाठी त्यांनी काय केलं? चष्मा आणि भिंग हाताशी ठेवलं, मोठ्या अक्षरांची पुस्तकं दिली, बेलच्या बटणावर चकाकणारी टेप लावली. यातलं एकही काम डॉक्टरांवाचून अडत नाही.

पडद्याजवळच्या मुलांबद्दल सासूबाईंना शांतपणे विचारा, ती खरी होती का? "छे, नव्हतीच, मला नुसती दिसायची" म्हणाल्या, तर घाबरू नका. मेंदूला डोळ्यांकडून पुरेसं चित्र मिळालं नाही, की तो आपलंच काहीतरी रंगवतो. जिनिव्हाच्या शार्ल बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हे नोंदवलं, म्हणून बॉने यांचंच नाव त्याला पडलं. पुष्कळ म्हातारी माणसं हे कुणाला सांगतच नाहीत, आपल्याला वेडं ठरवतील म्हणून. मात्र मुलं खरीच वाटत असतील, त्यांची भीती वाटत असेल किंवा दिवसा ग्लानी असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगा. ते वेगळं.

या वेळी ॲडमिशनच्या काउंटरवरच सांगा, आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या: 'मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. जवळ येऊन, आपलं नाव सांगून बोला.' सासूबाईंची हरकत नसेल तर तेच मोठ्या अक्षरांत खाटेच्या डोक्याशी लावा. ड्यूटी बदलली की तोंडी सांगितलेलं हवेत विरतं, कागद राहतो. ताट समोर आलं की घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगा, बारावर हे, तीनवर ते. टेबलावरच्या वस्तूंची जागा ठरवा आणि आवरायला येणाऱ्यांनाही ती हलवू नका म्हणून बजावा. बाथरूमला नेताना त्यांना दंडाला धरून ओढू नये. त्यांनी आपला कोपर धरायचा आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा हवाच.

ऑपरेशनला जाताना चष्मा काढून घेतात. त्याच्या डबीवर नाव घाला आणि तो वॉर्डच्या कपाटात न जाता रिकव्हरीत पोचेल, हे आधीच ठरवून घ्या. भूल उतरतानाच त्याची खरी गरज असते. आणि एक, संमतीपत्र तुम्ही परस्पर सही करून टाकू नका. त्यांना वाचता येत नाही, पण समजत नाही असं नाही. पूर्ण वाचून दाखवायला सांगा. सहीच्या जागी बोट टेकवून दिलं की त्या स्वतः करतील.

घरी सोडताना जास्त जागरूक राहा. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विमाधारक वृद्धांच्या एका मोठ्या अभ्यासात नजर खूप गेलेल्यांचा मुक्काम सुमारे ४ टक्के जास्त लांबला, आणि पुन्हा दाखल व्हावं लागण्याची शक्यता २२ टक्के जास्त होती. मुक्कामातला फरक थोडा, घरी गेल्यानंतरचा मोठा. डिस्चार्जचा बारीक अक्षरांचा कागद पाहिला की मला तरी याचं नवल वाटत नाही. गोळ्या जाड पेननं लिहिलेल्या वेगवेगळ्या डब्यांत घाला, आणि कुठली कधी घ्यायची ते त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या.

प्रश्न : मला काचबिंदू आहे. पाय मोडून ॲडमिट होतो तेव्हा डोळ्यांचे ड्रॉप्स बरेच दिवस मिळाले नाहीत. "डोळ्यांचं नंतर बघू" म्हणाले. चालतं का?

उत्तर : चालत नाही. ड्रॉप्स बंद झाले की डोळ्यांतला दाब पुन्हा वाढू शकतो, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. पुढच्या वेळी बाटल्या सोबत न्या, नाव आणि वेळ औषधांच्या चार्टवर चढवून घ्या. ड्रॉप्समध्ये टिमोलॉल नावाचं औषध असेल तर भूलतज्ज्ञांना नक्की सांगा. थेंब डोळ्यात टाकला तरी तो रक्तात उतरतो, नाडी मंदावू शकते, दमेकऱ्याला धाप लागू शकते. आता डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दाब तपासून घ्या, आणि किती दिवस ड्रॉप्स चुकले तेही सांगा.