आधी भाकरीची जागा ठरवा, मग चिमणीचं बघू

प्रश्न : ताई नमस्कार, परभणीला आमचं घर बांधायचं चालूय, स्लॅब झाला, प्लास्टर व्हायचंय. मुलगा अन् सून म्हणतेत ओपन किचन करू, काचेचा हॉब (ओट्यात बसवायची गॅस शेगडी), इंडक्शन, चिमणी, डिशवॉशर सगळं बसवू. घरात दोन्ही टाइम ज्वारीची भाकरी लागती अन् बोअरचं पाणी असं की नळाच्या तोंडाला पांढरा थर धरतो. काय घ्यावं, काय राहू द्यावं?
— एक गृहिणी, परभणी

उत्तर : प्लास्टरच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलं. वस्तू पुढच्या दिवाळीलाबी घेता येतील पण भिंतीतली वायर, पाइप अन् चिमणीचं भोक आत्ताच ठरतंय, म्हणून पहिला पैसा तिथं घाला.

सगळ्यात आधी भाकरी. शोरूमवाले सरसकट 33-34 इंचाचा ओटा देतात, भाजी चिरायला ठीक, पण त्यावर परात ठेवली की थापायची जागा अजून वर येती, हात खांद्यातून उचलावा लागतो अन् दहा-बारा भाकरी होईपर्यंत खांदे भरून येतात. त्यामुळं गॅसच्या शेजारचा दोन-अडीच फुटाचा तुकडा 4-5 इंच खाली घ्या. घरात जी जास्त भाकरी थापती तिलाच उभं करून, कोपर वाकवून मेस्त्रीला माप घ्यायला लावा, कॅटलॉगातलं माप नको. हॉब घेतला तरी दोन मोठे बर्नर लांब-लांब असलेला बघा, नाहीतर तवा ठेवला की शेजारी पातेलं बसत नाही.

इंडक्शन जरूर घ्या पण जोडीला, गॅसच्या जागी नको. दूध, चहा, वरण त्यावर झकास होतं, पण भाकरी शेवटी जाळावर टाकून फुगवायची असती अन् तिथं जाळच नाही. 2000 वॅटच्या शेगडीला 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट अन् वेगळी एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारं बटण) लागती, अन् लाइट गेली की घरचा साधा इन्व्हर्टर ती ओढत नाही.

ओपन किचन करायचं तर चिमणी धूर बाहेर फेकणारीच हवी. पाइपाशिवायची चिमणी कार्बन फिल्टरमधून तीच हवा घरात सोडती, वास थोडा कमी होतो, वाफ अन् उष्णता तशीच, अन् मिरच्या भाजून ठेचा केला की हॉलमधला पाहुणा खोकत बसतो. 6 इंची पाइपाचं भोक आत्ताच ठेवा, पाइप आखूड अन् कमीत कमी वळणाचा.

डिशवॉशरला क्षाराचं पाणी चालतं, बहुतेक मशीनमध्येच पाणी मऊ करायची सोय असती, पण त्याचं खास मीठ भरत राहावं लागतं अन् पाण्याच्या जडपणाप्रमाणं सेटिंग करून घ्यावी लागती. एका वेळेला साधारण 10 ते 15 लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या घराला हे नळाखाली घासण्यापेक्षा परवडतं. मात्र लोखंडी तवा, काठवट अन् ॲल्युमिनियमची पातेली त्यात घालायची नाहीत, म्हणजे ती हातानंच घासायची. घरात तीच भांडी जास्त असतील तर तूर्त मशीन राहू द्या, सिंकपाशी पाण्याचा, निचऱ्याचा अन् लाइटचा पॉइंट तेवढा काढून ठेवा.

अन् कपाटं. सिंकखाली एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड) अजिबात लावू देऊ नका, एकदा पाणी मुरलं की फुगतं अन् बिजागरी सुटती. प्लायवर आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का स्वतः बघा. वाळवीचं औषध फरशीच्या आधीच मारून घ्या.

प्रश्न : लातूरला शिकायला रूम करून राहतो. इंडक्शन घेतलं पण गावाकडून आणलेला कुकर त्यावर तापतच नाही. शेगडी खराब आहे का?
— एक विद्यार्थी

उत्तर : शेगडी नीट असणार. कुकर बहुतेक ॲल्युमिनियमचा आहे, इंडक्शनला बुडाला चुंबक चिकटणारं भांडं लागतं, फ्रिजवरचं चुंबक लावून बघ. चिकटत नसेल तर इंडक्शन बेसचा छोटा कुकर घे, किंवा दुकानदार बदलून देत असेल तर इन्फ्रारेड शेगडी घे, तिच्यावर कुठलंबी सपाट बुडाचं भांडं चालतं. फक्त बंद केल्यावरबी तिची काच बराच वेळ तापलेली राहती, वह्या-पुस्तकं लांब ठेव.