सूर्याला दुर्बीण लावण्याआधी

सूर्यप्रकाश कमी करणारा फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या तोंडावर, सूर्याकडच्या टोकाला. जुन्या स्वस्त दुर्बिणींबरोबर आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) फिरवून बसवायची काळी काच येते, ती सरळ फेकून द्या. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते, आणि नेमका तेव्हा डोळा तिथेच असतो. एक्स-रेची फिल्म, गॉगल यांचं तर नावच नको.

फिल्टरसाठी बाडर कंपनीची अ‍ॅस्ट्रोसोलर फिल्म घेताना घनता (प्रकाश किती अडवते त्याचा आकडा) ५.० आहे ना ते बघा; ३.८ ची फक्त फोटोसाठी असते. पुठ्ठ्याच्या कड्यात ती सैलसरच बसवा. थोड्या सुरकुत्या चालतात, उलट ताणून बसवलेली फिल्म प्रतिमा बिघडवते. दरवेळी बल्बसमोर धरून भोकं तपासा आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कडं चिकटपट्टीने पक्कं करा. फाइंडरला, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला, झाकण हवंच. मग सूर्य सापडणार कसा? नळीची जमिनीवरची सावली सर्वांत लहान होईपर्यंत ती हलवत राहा.

वेळ सकाळची. एकदा स्लॅब तापला की सूर्याची कडा उकळल्यासारखी थरथरते. पत्र्याच्या छपरावरून तर बघूच नका.

फोटो काढायचा तर कॅमेऱ्याच्या सेन्सरवर सूर्याचा व्यास दुर्बिणीच्या फोकल लांबीच्या साधारण ११० व्या भागाइतका येतो: १००० मिमीला ९ मिमी. आयएसओ १०० ठेवा, शटर १/५०० पासून सुरू करून कमीजास्त करा. फोकस सूर्यावरच्या डागाच्या गडद गाभ्याच्या काठावर जुळवा; डाग नसेल त्या दिवशी सूर्याच्या कडेवर भागवायचं. एकाच फोटोपेक्षा हजारभर फ्रेमचा व्हिडिओ घेऊन ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये त्यातल्या उत्तम १० टक्के एकत्र करा.