चौल-रेवदंडा-कोर्लई एका दिवसात? जमतं, पण यादी फाडा

प्रश्न : ताई, आम्ही ठाण्याला राहतो. येत्या रविवारी सासूबाई (वय ७१, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय), दोन मुलं आणि आम्ही दोघं असं अलिबागच्या बाजूला जायचं ठरवलंय. मिस्टरांनी यादी केलीय, कुलाबा किल्ला, नागाव बीच, चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद आणि जमलं तर जंजिरा. सकाळी निघून रात्री घरी. मला हे अशक्य वाटतंय, ते म्हणतात गाडी आपली आहे, काय टेन्शन. कोण बरोबर?

उत्तर : तुम्ही. गाडी आपली असली तरी वाटेतल्या वडखळ नाक्याचा ट्रॅफिक आपला नाही ना, आणि समुद्रही आपल्या यादीप्रमाणे चालत नाही. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी लागते आणि जंजिऱ्याला होडीच्या रांगेत उभं राहावं लागतं, दोन्ही एका दिवसात बसवायला गेलात तर सासूबाई अख्खा दिवस गाडीत बसून राहतील आणि मुलं "अजून किती वेळ" विचारून तुमचं डोकं खातील. यादीतून कुलाबा, काशीद आणि जंजिरा खोडा. नागावही खोडलं तरी चालेल, रेवदंड्याला समुद्र आहेच की.

उरलं काय, तर चौल, रेवदंडा आणि खाडीपलीकडचं कोर्लई. ही तीन नावं वेगळी वाटतात पण गोष्ट एकाच बंदराची आहे. चौल म्हणजे जुनं चेऊल, चंपावती. टॉलेमीच्या भूगोलात याचं नाव येतं, अरबी प्रवासी याला सैमूर म्हणायचे, कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांतही चेमुल म्हणून उल्लेख आहे, म्हणजे मुंबई नुसती बेटं होती तेव्हा इथे परदेशी जहाजं लागत होती. आज तुम्ही उतराल तर बंदर कुठे आहे असंच विचाराल, कारण दिसतात त्या फक्त नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून जाणारा अरुंद रस्ता आणि समोरून एसटी आली की मागे घ्यावी लागणारी तुमची गाडी.

सासूबाईंसाठी चौलचं रामेश्वर मंदिर अगदी योग्य. गाडी जवळपर्यंत जाते, समोर मोठी पुष्करणी आहे, सावली आहे, निवांत बसता येतं. देवळात अग्नी, वायू आणि पर्जन्य अशी तीन कुंडं आहेत, एरवी बंद असतात, पाऊस फारच लांबला तर गावकरी पर्जन्यकुंड उघडतात अशी जुनी परंपरा आहे, मुलांना ही गोष्ट नक्की सांगा, माझ्या भाच्याने तर तिथेच "मग आत्ता उघडा ना" म्हणून हट्ट धरला होता (मे महिना होता, त्याचं चूक नव्हतं). दत्ताचा डोंगर मात्र सासूबाईंना नको, शेकड्यांनी पायऱ्या आहेत. खालूनच नमस्कार.

मग रेवदंडा. इथे गंमत अशी की तुम्ही किल्ला शोधत बसता आणि तुमची गाडी ऑलरेडी किल्ल्याच्या आत असते. रस्ता तटबंदीतूनच आत जातो, आत अख्खं गाव आहे, घरं, शाळा, वाड्या, आणि वाडीच्या कुंपणापलीकडे अचानक एखादी चर्चची पडकी भिंत उभी. पोर्तुगीजांनी निजामशाहीच्या परवानगीने १५२१ मध्ये इथे बांधकाम सुरू केलं आणि १७४० मध्ये हे ठाणं मराठ्यांकडे आलं, मधली दोनशे-सव्वादोनशे वर्षं हे भरभक्कम पोर्तुगीज शहर होतं. सातखणी मनोरा बघाच, फ्रान्सिस्कन लोकांच्या चर्चचा आहे, नाव सातखणी पण आता चारच खण उरलेत. वाडी खाजगी असेल तर आत शिरताना हाक मारा, "बघू का हो जरा?" एवढं म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही, उलट शहाळं हवंय का विचारतात.

कोर्लईला मिस्टर आणि मुलं वर जाऊ देत. सासूबाई आणि तुम्ही खाली दीपगृहापाशी थांबा, तिथपर्यंत गाडी जाते, वारा मस्त असतो. संध्याकाळी पाचला परतीला निघा म्हणजे निघाच, "सनसेट बघून जाऊ" म्हणणारे सगळे नंतर वडखळला एकमेकांना भेटतात.

प्रश्न : मी पुण्यात शिकते, एकटीच बॅकपॅक घेऊन जाणार आहे, गाडी नाही. एसटीने होईल का? आणि भरती-ओहोटीचं टाइमटेबल कुठे बघायचं?

उत्तर : होईल की. पुण्याहून मात्र आदल्या रात्री अलिबागला पोचून राहा, सकाळी निघून त्याच दिवशी परत हे एसटीने करू नकोस, सगळा दिवस खिडकीतच जाईल. मुंबईकर मैत्रीण सोबत येणार असेल तर ती भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने किंवा गेटवेवरून लाँचने मांडव्याला उतरू शकते, फक्त गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात हे तिला सांग. अलिबाग स्टँडवरून रेवदंड्याची किंवा मुरूडची गाडी पकड. मुरूडची गाडी रेवदंड्यावरून पूल ओलांडून साळावमार्गे पुढे जाते, म्हणजे कोर्लईच्या फाट्यालाही तीच सोडते, तिथून गावातून कोळीवाड्याच्या कडेकडेने किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत चालत जायचं. शेअर रिक्षाही मिळतात पण बसायच्या आधी "सीट की स्पेशल" हे नक्की विचार, मी एकदा नाही विचारलं आणि तीन किलोमीटरला जेवणाइतके पैसे मोजले, चूक माझीच होती.

भरतीसाठी अॅप आहेत, पण आजीची पद्धत शिकून ठेव, कॅलेंडर असलं की झालं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती, दुपारीही आणि पहाटेही, आणि त्याच्या सहा-एक तास पुढे ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या सुमारास भरती आणि ती पण उधाणाची. अर्धा-एक तास इकडे तिकडे होतो, बोट पकडायला नको पण रेवदंड्याच्या काळ्या वाळूवर तटाच्या कडेने किती वेळ फिरता येईल ते कळतं. ओहोटीलाच जा, भरतीला पाणी तटाजवळ येतं.

जाता जाता वाटेत आक्षीला उतरलीस तर अजून एक. तिथे शिलाहार घराण्यातल्या केसिदेवराया राजाचा मराठी शिलालेख आहे, शके ९३४ म्हणजे इसवी सन १०१२ चा असं वाचन आहे, त्यावर अभ्यासकांत वाद आहे, पण ते वाचन धरलं तर तो आपल्या भाषेच्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक ठरतो. आपण मराठी मराठी करतो आणि हा दगड ज्या रस्त्याला आहे त्यावरून नागावच्या बनाना राइडला भुर्रकन निघून जातो, असो.

प्रश्न : कोर्लईचे लोक पोर्तुगीज बोलतात असं ऐकलं. खरं का? मुलीला ऐकवायचं आहे, कुणाला बोलायला सांगता येईल का?

उत्तर : अर्धं खरं. कोर्लईच्या ख्रिश्चन वस्तीत जी भाषा बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठीच्या संसारातून झालेली आहे, बाहेरचे लोक तिला क्रिस्ती म्हणतात, ते स्वतः "नो लिंग" म्हणतात, म्हणजे आमची भाषा. बोलणारे हजाराच्या आसपास. शब्द बरेचसे पोर्तुगीज पण क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं, हे मला फार आवडतं, शेजारणीकडून फोडणी शिकावी तसं झालंय. पोर्तुगीज १७४० ला गेले तरी ही भाषा एका गावात टिकली, आणि मुलीला हेही सांगा की आपण तरी कुठे कोरडे राहिलो, चावी, बादली, घमेलं, पगार, लिलाव हे सगळे शब्द त्याच जहाजातून उतरलेत.

"बोलून दाखवा" असं मात्र कृपा करून कुणाला म्हणू नका. ती माणसं तुमच्या-माझ्याइतकंच चांगलं मराठी बोलतात आणि त्यांचं घर म्हणजे म्युझियम नाही. चर्चच्या आसपास गप्पा चालू असतात, दुकानातून काहीतरी घ्या, दोन मिनिटं रेंगाळा, आपोआप कानावर पडेल.

वर किल्ल्यावर गेलात तर उत्तर टोकाला उभं राहून कुंडलिकेच्या मुखाकडे बघा. मार्च १५०८ मध्ये याच पाण्यात इजिप्तच्या मामलुकांचं आणि दीवच्या मलिक अय्याझचं आरमार पोर्तुगीजांशी लढलं आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो दे आल्मेदा मारला गेला. बापाने पुढच्याच वर्षी दीवला जाऊन सूड घेतला. आता तिथे मासेमारीच्या होड्या डुलत असतात.

प्रश्न : रेवदंड्यात रशियन माणसाचं स्मारक आहे म्हणे?

उत्तर : आहे, शाळेच्या आवारात. अफनासी निकितिन, त्वेर गावचा व्यापारी, १४७० च्या आसपास घोडा विकायला चौलला उतरला, वास्को द गामाच्या पंचवीसेक वर्षं आधी. त्याने लिहून ठेवलंय की इथले लोक उघड्या अंगाने फिरतात आणि मी कुठेही गेलो तरी गोऱ्या माणसाला बघायला गर्दी मागे येते. घोड्याचं पुढे जुन्नरला फार झंझट झालं, तिथल्या खानाने तो काढूनच घेतला आणि धर्म बदल तर परत देतो म्हणाला, शेवटी एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने सुटला बिचारा. शाळा चालू असेल तर ऑफिसात विचारून आत जा, पोरांच्या मधल्या सुट्टीत नको.

त्याच गावात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं, बेथ एल सिनेगॉगही (प्रार्थनास्थळ) आहे. हे आपले शनिवार तेली, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून ते नाव. बरेच जण इस्रायलला गेले पण चेऊलकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर ही आडनावं सोबत घेऊन गेले. माझ्या आईच्या ऑफिसात एक चेऊलकर होत्या, त्या वालाचं बिरडं आणायच्या, तशी चव मी परत कुठे खाल्ली नाही.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, तिकडे जेवणाचे हाल होतात का?

उत्तर : अजिबात नाही, फक्त सकाळीच खानावळीत फोन करून सांगायचं. दुपारी दीडला जाऊन दहा जणांचं ताट मागितलंत तर बाई तरी काय करणार. वालाची उसळ, तांदळाची भाकरी, सोलकढी एवढं पुरे, मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा. थंडीत गेलात तर पोपटी विचारा, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे भाजतात, शाकाहारी मडकं वेगळं लावा म्हणून स्पष्ट सांगायचं कारण एरवी त्यात अंडी नाहीतर चिकन असतंच. आणि फेब्रुवारीनंतर येताना पांढऱ्या कांद्याची माळ घ्या, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला खरा अलिबागचा कांदा गोडसर असतो. विकणारा चिडला तरी एक फोडून खाऊन बघा, मगच माळ गाडीत टाका.