घरपट्टी काउंटीकडे, पाणी दुसऱ्याकडे

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागातून निवृत्त झालो असून सध्या कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे मुलाकडे राहायला आलो आहे. त्याच्या घराच्या कराचे बिल सांता क्लारा काउंटीच्या नावाने येते. काउंटी म्हणजे आपली जिल्हा परिषदच समजावी काय? आणि एवढा कर गोळा करूनही काउंटीकडे पैसा नाही, अशी ओरड का ऐकू येते?
— एक वाचक, सातारा

उत्तर : साम्य आहे, परंतु ते निम्मेच आहे. कॅलिफोर्नियात 58 काउंट्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी पाच निवडून आलेल्या सुपरवायझरांचे मंडळ कारभार पाहते. आपल्याकडे मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य शासन पाठवते. तिथे तो मंडळच नेमते आणि मंडळच काढते. मात्र शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), सरकारी वकील आणि मालमत्तेचे मूल्य ठरवणारा अधिकारी यांना थेट मतदार निवडून देतात, त्यामुळे मंडळाला त्यांच्या खात्यांचा निधी ठरवता येतो, पण त्यांना सहसा घरी पाठवता येत नाही. शिवाय तुरुंग, दस्तनोंदणी, निवडणुका, सार्वजनिक रुग्णालय, गरिबांचे अनुदान आणि साथरोग नियंत्रण ही कामेही काउंटीचीच असतात. थोडक्यात, आपली जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकारी कार्यालय एकत्र केले, तर काउंटीच्या जवळपास जाणारे काही तरी हाती येईल.

आता पैशाकडे वळू. आपल्या चिरंजीवांचे बिल नीट पाहावे. वर्षाची रक्कम दोन हप्त्यांत विभागलेली असते. पहिला हप्ता 10 डिसेंबरपर्यंत आणि दुसरा 10 एप्रिलपर्यंत भरला नाही, तर दंड बसतो. पहिली ओळ एक टक्का कराची असते. त्याखाली शाळांच्या कर्जरोख्यांचे आणि मतदारांनी वेळोवेळी मंजूर केलेल्या विशेष करांचे आकडे असतात. बिल काउंटीचे असले, तरी त्या एक टक्क्यातला सर्वांत मोठा वाटा शाळांना जातो आणि उरलेल्यात शहरे, काउंटी व निरनिराळे विशेष जिल्हे (पाण्यासारख्या एखाद्याच कामासाठी स्थापलेल्या स्वतंत्र स्थानिक संस्था) वाटेकरी असतात. वसुली, हिशेब आणि वाटप हे काम काउंटीचे. वाटपाचे सूत्र मात्र राज्याच्या कायद्याने बांधलेले आहे.

हा एक टक्का आला कुठून, तर 1978 साली मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन 13’ मधून. त्यानुसार घर विकले जाईपर्यंत त्याचे करपात्र मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. समजा, एका घरमालकाने 1985 मध्ये दीड लाख डॉलरला घर घेतले. चाळीस वर्षे पूर्ण दोन टक्क्यांनी वाढ धरली, तरी त्याचे करपात्र मूल्य सव्वातीन लाखांच्या आसपास राहते आणि मूळ कर साधारण 3,300 डॉलर होतो. शेजारचे अगदी तसेच घर कुणी 2021 मध्ये पंधरा लाखांना घेतले असेल, तर त्याला 16,000 डॉलरहून जास्त भरावे लागतात. रस्ता एक, दवाखाना एक, अग्निशमन दल एक, आणि कर मात्र पाचपट. वृद्ध घरमालकांना राहत्या घरातून बाहेर पडावे लागू नये, हा हेतू मला मान्य आहे. परंतु ज्या संस्थेने सेवा द्यायची, तिच्या हातून दर ठरवण्याचा अधिकार कायमचा निघून गेला, हे या व्यवस्थेचे दुखणे आहे.

काउंटीच्या अंदाजपत्रकाचा मोठा भाग राज्य आणि केंद्र सरकारकडून येतो आणि तो ठरलेल्या लेखाशीर्षावरच खर्च करावा लागतो. आपण आयुष्यभर ‘सेस’ (जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न) आणि शासकीय योजनांचा निधी वेगवेगळा लिहिला असेल, त्यामुळे हे आपणास वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सांता क्लारा काउंटीचे वार्षिक अंदाजपत्रक हजार कोटी डॉलरच्या पुढे गेलेले आहे, पण मंडळाला आपल्या मर्जीने वळवता येईल असा पैसा त्यात फारच थोडा असतो. निराधारांना आधार देणे हे राज्याच्या कायद्याने काउंटीचे कर्तव्यच ठरवले आहे. 2019 मध्ये एका दिवाळखोर रुग्णालय समूहाची दोन रुग्णालये बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा ती या काउंटीने विकत घेतली. पुढे 2025 मध्ये केंद्राने गरिबांच्या आरोग्य विम्याच्या निधीला कात्री लावल्यावर काउंटीला विक्रीकरात 0.625 टक्क्यांची वाढ पाच वर्षांसाठी मागण्याकरता मतदारांकडे जावे लागले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी ती दिली. ओरड होते ती या अडचणीतून.

प्रश्न : आमच्या भागात पाण्याचे दर वाढले. काउंटीच्या कार्यालयात फोन केला, तर ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे उत्तर मिळाले. काउंटीचा पाण्याशी काहीच संबंध नाही का?
— एक वाचिका, सॅन होजे

उत्तर : आपणास दिलेले उत्तर खरे होते, पण अपुरे होते. सांता क्लारा काउंटीत पाण्याचे घाऊक व्यवस्थापन ‘व्हॅली वॉटर’ या स्वतंत्र विशेष जिल्ह्याकडे आहे. त्याचे सात संचालक मतदार निवडून देतात आणि धरणे, भूजल, आयात केलेले पाणी व पूरनियंत्रण हे त्याचे काम आहे. नळाचे पाणी घरात आणून देणारी संस्था त्याहून वेगळी असते. काही भागांत ती शहराची असते आणि सॅन होजेच्या बऱ्याच भागात ती खासगी कंपनी आहे, जिच्या दरांना राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाची मंजुरी लागते. आपले बिल कोणाच्या नावाने येते ते पाहूनच कुठे तक्रार करायची ते ठरवावे. गंमत अशी की व्हॅली वॉटरचा विशेष कर मात्र काउंटीच्याच मालमत्ता कराच्या बिलातून वसूल होतो.

ही स्वतंत्र संस्था का निघाली, हे सांगणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे खोरे फळबागांचे होते आणि बागायतदार विहिरींतून अमर्याद उपसा करत होते. पाण्याची पातळी खाली गेली आणि तिच्यामागे जमीनही खचली. 1910 ते 1970 या काळात सॅन होजेच्या मध्यवर्ती भागाची जमीन सुमारे 13 फूट खाली गेली. उत्तरेला खाडीकाठच्या सखल भागात पुराचे संकट त्यामुळे वाढले. 1929 मध्ये जलसंधारण जिल्हा स्थापन झाला, धरणे बांधून पावसाळ्यातले पाणी अडवले गेले आणि ते ओढ्यांतून व तळ्यांतून जमिनीत मुरवले जाऊ लागले. एवढ्याने भागले नाही. 1960 च्या दशकात राज्याच्या कालव्याचे पाणी आले, तेव्हा कुठे 1970 च्या सुमारास जमीन खचणे थांबले. खचलेली जमीन पुन्हा वर आली नाही. आजही तिथे स्वतःच्या विहिरीतून पाणी उपसणाऱ्याला व्हॅली वॉटरला आकार द्यावा लागतो, कारण ते पाणी कोणीतरी खर्च करून मुरवलेले असते. महाराष्ट्रात 2009 चा भूजल अधिनियम कागदावर आहे, परंतु बोअरचे पाणी मोजून त्याचे पैसे भरण्याची कल्पना आपल्या गावांत अजून रुजलेली नाही.

काउंटीचा संबंध येतो तो जमिनीच्या वापराशी. ज्या वस्त्यांना स्वतःची नगरपालिका नाही, तिथे बांधकामाचा परवाना काउंटी देते आणि बहुतेक काउंट्यांत विहिरीचा परवानाही तिचेच पर्यावरण आरोग्य खाते देते. सांता क्लारामध्ये मात्र तोही व्हॅली वॉटरकडे आहे. राज्याने 2014 मध्ये केलेल्या शाश्वत भूजल व्यवस्थापन कायद्यानुसार, ज्या क्षेत्राची जबाबदारी कुणीच घेतलेली नाही, ते क्षेत्र काउंटीच्या पदरात पडते. त्या दशकातल्या दुष्काळात तुलारी काउंटीतल्या ईस्ट पोर्टरव्हिल या वस्तीत शेकडो घरगुती विहिरी आटल्या. तिथे नगरपालिका नव्हती, नळयोजना नव्हती. अशा वेळी अंगणात टाक्या बसवून त्यांत टँकरने पाणी आणावे लागले आणि पुढे राज्याच्या मदतीने ती घरे शेजारच्या शहराच्या नळाला जोडण्यात आली. माण-खटावच्या वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही.

प्रश्न : काउंटीचे दिवाळे निघू शकते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : निघू शकते आणि निघालेले आहे. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला असलेल्या ऑरेंज काउंटीने 6 डिसेंबर 1994 रोजी दिवाळखोरी जाहीर केली. कोषाधिकारी रॉबर्ट सिट्रन यांनी काउंटीबरोबरच शाळा, शहरे आणि पाणी जिल्हे यांचा एकत्र ठेवलेला पैसा तारण ठेवून कर्ज काढले आणि व्याजदर खाली राहतील या भरवशावर तो गुंतवला. त्या वर्षी व्याजदर वाढत गेले आणि सुमारे 160 कोटी डॉलर बुडाले. काउंटी श्रीमंत होती आणि वर्षानुवर्षे मिळालेल्या जादा व्याजावर सगळे खूश होते, त्यामुळे विचारल्या गेलेल्या प्रश्नांकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. पुढच्या वर्षी विक्रीकरात अर्ध्या टक्क्याची वाढ मागितली असता मतदारांनी ती नाकारली. नोकरकपात आणि सेवाकपात करून, तसेच इतर कामांचा महसूल कर्जफेडीकडे वळवून 1996 मध्ये काउंटी त्यातून बाहेर आली.

प्रश्न : मी अमेरिकेची नागरिक नाही. काउंटीच्या सभेत मला बोलता येईल का?
— एक वाचिका, फ्रीमाँट

उत्तर : येईल. 1953 च्या ब्राउन कायद्यानुसार कॅलिफोर्नियातील स्थानिक संस्थांच्या सभा लोकांना खुल्या असतात, नियमित सभेची विषयपत्रिका 72 तास आधी प्रसिद्ध करावी लागते आणि उपस्थितांना बोलण्याची संधी द्यावी लागते. नागरिकत्वाची अट नाही. सभेला बसण्यासाठी नाव लिहून देण्याचीही सक्ती करता येत नाही. वेळ साधारणपणे एक ते तीन मिनिटांचा मिळतो. आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होत असल्याने अंदाजपत्रकावरील सुनावण्या त्याआधी होतात. पाण्याच्या दरांची सुनावणी मात्र वेगळ्या संस्थेत, वेगळ्या दिवशी असते, तेव्हा आपल्या भागाचा पाणीपुरवठा ज्या संस्थेकडे आहे तिचीही विषयपत्रिका पाहावी.