अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचं आक्रमण अडतं ते कोचच्या स्कीममुळे, म्हणजे चालींच्या आखणीमुळे, की खेळाडूंच्या कुवतीमुळे?

तुम्ही लिहिलंय की तुमचा संघ दर रविवारी तेरा-चौदा गुणांवर अडकतो. मित्र म्हणतो कोच हाकला, तुम्ही म्हणता खेळाडूच कमी पडतात. डेट्रॉइटजवळच्या आमच्या घरात हाच वाद मी आणि माझा मुलगा कित्येक वर्षं घालतोय, आणि तो नेहमी एकाच माणसावर येऊन थांबतो: क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, जॅरेड गॉफ. त्याची कारकीर्द नीट पाहिली तर तुम्ही आणि तुमचा मित्र, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण माझ्या मते खरं दुखणं बहुतेक वेळा ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून त्याला सांभाळणाऱ्या पाच जणांत असतं, आणि तिच्याकडे कुणी बघतच नाही.

2016 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाने गॉफला सगळ्यांत पहिला उचलला. त्या हंगामात तो सात सामन्यांत क्वार्टरबॅक म्हणून उतरला आणि सातही हरला. संघाची सरासरी सामन्याला 14 गुण, लीगमध्ये तळाची. मग जानेवारी 2017 मध्ये अवघ्या तीस वर्षांचा शॉन मॅकव्हे कोच म्हणून आला, आणि त्याच वर्षी रॅम्सनी 478 गुण केले, लीगमध्ये सर्वांत जास्त. क्वार्टरबॅक तोच, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) टॉड गर्लीही तोच. माझा मुलगा इथेच वाद संपवतो: बघा, कोचच सगळं!

पण त्याच वर्षी लाइनमध्ये लेफ्ट टॅकलच्या जागी अँड्र्यू व्हिटवर्थ आला, सेंटरच्या जागी जॉन सलिव्हन आला, रॉबर्ट वूड्स आणि कूपर कप हे रिसीव्हर (पास झेलणारे) आले. मॅकव्हेच्या आखणीचा जीव होता हुलकावणीत. धावण्याची चाल आणि पासची चाल, दोन्हींची सुरुवात हुबेहूब सारखी. क्वार्टरबॅक चेंडू गर्लीच्या पोटाशी नेतो पण देत नाही, बचाव करणारे पुढे झेपावतात आणि त्यांच्या पाठीमागे रिसीव्हर मोकळा सुटतो. यालाच प्ले-ॲक्शन म्हणतात. मात्र ते सोंग वठवताना क्वार्टरबॅकची पाठ क्षणभर बचावाकडे असते. तेवढा वेळ समोरच्या धिप्पाड गड्यांना थोपवून धरायचं काम लाइनचं. आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं आणता येत नाही. इथे ते लाइनचं आणता येत नाही.

आता फेब्रुवारी 2019 मधला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, घ्या. वर्षभरात 527 गुण करणाऱ्या रॅम्सना कोच बिल बेलिचिकच्या पेट्रियट्स संघाने 13-3 असं हरवलं. रेषेवर सहा जण उभे करून बाहेरून धावायची वाट बंद केली आणि मागे झोन लावला, म्हणजे प्रत्येकाने एकेका खेळाडूऐवजी मैदानाचा एकेक भाग सांभाळला. कप गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर होता. त्या सामन्यातली एक चाल मी कितीदा तरी पुन्हा पाहिली आहे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये रॅम्सचा रिसीव्हर ब्रँडिन कुक्स एंड झोनमध्ये (चेंडू झेलला की टचडाउनचे गुण मिळतात त्या टोकाच्या पट्ट्यात) एकटा उभा आहे, जवळपास कोणी नाही. म्हणजे स्कीमने आपलं काम चोख केलं होतं. गॉफला तो दिसला, पण उशिरा. चेंडू हवेत असतानाच पेट्रियट्सचा जेसन मॅककॉर्टी पलीकडून धावत आला आणि त्याने तो उडवला. या चालीचा दोष कोचवर टाकताच येत नाही. पण त्याच सामन्यात बेलिचिकने लावलेली कोंडी मॅकव्हेला शेवटपर्यंत सुटली नाही, हेही तितकंच खरं.

माझं मत पक्कं झालं ते पुढच्या वर्षी. 2019 मध्ये कोच तोच, क्वार्टरबॅक तोच, कपही परतला. लाइनमधून मात्र सलिव्हन आणि रॉजर सॅफोल्ड गेले होते. संघ नऊ विजय आणि सात पराभवांवर (9-7) आला आणि प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, हुकली.

मग रॅम्सनी गॉफ आमच्या डेट्रॉइटच्या लायन्सना देऊन त्यांचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला आणि पहिल्याच हंगामात सुपर बोल जिंकला. तेव्हा सगळे म्हणाले, झालं सिद्ध, गॉफच कमी पडत होता. इथे 2021 मध्ये तो तीनच सामने जिंकला, तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. पण लायन्सनी लाइन नेटाने बांधली. पेनेई सूएलला 2021 च्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत घेतलं होतं, टेलर डेकर आणि फ्रँक रॅग्नाउ आधीपासून होतेच. आक्रमणाचा कोच बेन जॉन्सनने गॉफच्या हाताला बसेल अशी आखणी केली, आणि 2024 मध्ये लायन्सनी 564 गुण करून 15-2 गाठलं. तोच गॉफ! 2025 मध्ये जॉन्सन शिकागोला गेला आणि रॅग्नाउने निवृत्ती घेतली. दोघं एकाच वर्षी गेल्यामुळे आमच्या घरातला वाद पुन्हा पेटला.

तेव्हा तुमच्या संघाचा पुढचा सामना बघताना चेंडूच्या मागे धावू नका. चाल फसली की रिप्ले पाहा. कोणी मोकळा होता का? होता आणि चेंडू उशिरा गेला, तर तुमचं म्हणणं बरोबर. क्वार्टरबॅकला पुरेसा वेळ मिळूनही कोणीच मोकळा नसेल आणि हे पुन्हा पुन्हा घडत असेल, तर मित्राचं बरोबर. आणि रिसीव्हर वळण्याआधीच क्वार्टरबॅक जमिनीवर दिसला, तर लाइन बघा. फक्त एक लक्षात असू द्या: लाइन कच्ची आहे हे दिसत असूनही कोच लांब पल्ल्याचेच पास मागत राहिला, तर तिथे मी तुमच्या मित्राच्या बाजूने उभा राहीन.